हजार पानांतली पंचवीस

"सकाळपासून याच्या पोटात काय काय गेलंय?" डॉ. श्यामला गायधनींनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांची बोटं राजच्या मनगटावर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर.

"दूध अन् दोन बिस्किटं," रूपाली म्हणाली. "त्यातलं निम्मं उलटलं, मॅडम."

"आणखी?"

"आणखी काहीच नाही."

छाया धाकट्या जावेच्या मागेच उभी होती. तिनंही मान हलवली. काहीच नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

रूपालीचा चार वर्षांचा राज पलंगावर उघडा पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, कपाळ घामानं निथळत होतं आणि छातीत आधण उकळावं तशी घरघर चालली होती. सकाळी आठला दोघी जावांनी त्याला उचललं, मखमलाबादहून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं पंचवटीतल्या श्रावणी सोमवारच्या गर्दीतून हॉर्नवरचा हात न काढता गाडी काढली आणि तो भाडं घ्यायलाही थांबला नाही. चार दिवस खोकला होताच, तोच छातीत उतरला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्या तरुण डॉक्टरांनीही वाफ दिली. मग मॅडम आल्या. त्यांनी छाती तपासण्याआधी बॅटरीनं राजच्या डोळ्यांत पाहिलं.

"शेती आहे ना तुमची?"

"हो. गुलाब हाय, शेवंती हाय, थोडी मेथी-कोथिंबीर."

"फवारणी कधी केली?"

"ते भाऊजींना म्हायती," छाया म्हणाली. "पण मॅडम, पोरगं मळ्यात गेलंच नाही. खोकला हाय म्हणून आम्ही त्याला उंबऱ्याबाहेर सोडलं नाही."

मॅडमनी बॅटरी पुन्हा राजच्या डोळ्यांवर धरली. मग म्हणाल्या, "बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. खोकल्यानं असं होत नाही. कुठून गेलं ते आपण शोधू, पण याच्या अंगात फवारणीचं औषध गेलंय असं धरूनच मी चालणार. सिस्टर, अ‍ॅट्रोपिन काढा. पोट धुवायची तयारी करा. आणि विठाबाई, याला डोक्यापासून पायापर्यंत साबणानं पुसून घ्या, केससुद्धा."

विठाबाई म्हणजे वॉर्डातली आयाबाई. तिनं पदर खोचला आणि छायाला हलकेच बाजूला केलं. "व्हा बाई तिकडं. तुमचं पोर ते माझं पोर. मी काय याला पयल्यांदा धुती का?"

तेव्हा छायानं तिला ओळखलं. चार वर्षांपूर्वी राज सातव्या महिन्यातच जन्मला, तेव्हा याच इस्पितळाच्या काचेच्या पेटीत सव्वीस दिवस होता. रूपालीला ताप होता, म्हणून पेटीसमोर छाया बसायची. हीच विठाबाई हात धुवायला लावून, झगा घालून तिला आत न्यायची. त्या सव्वीस दिवसांतच छायानं बाळकृष्णाला लक्ष तुळस बोलली होती. पोर जगू दे, चालू-बोलू लागलं की एका चातुर्मासात लाख पानं वाहीन. ते व्रत यंदा चालू होतं. पहाटे पाचला उठून ती पानं खुडायची, एकेका नामाला एक अशी हजार पानं वाहायची, मगच तोंडात पाणी घ्यायची. राज डोळे चोळत शेजारी येऊन बसायचा. खोकला लागल्यापासून ती वाहिलेल्या पानांतली पंचवीस उचलून वाटायची आणि मधात कालवून त्याच्या जिभेवर ठेवायची. प्रसादही झाला आणि औषधही.

पण पोटात काय गेलं असं कुणी विचारलं, तर त्यात प्रसाद कोण धरतं?

* * *

राजचा बाप महेश गणेशवाडीच्या फुलबाजारातून थेट आला तेव्हा पोराचं पोट धुऊन झालं होतं आणि दर थोड्या वेळानं सुई चालू होती. त्याच्या अंगाला अजून शेवंतीचा वास होता. वडील, गोटीराम, त्याच्या आधीच पोचले होते आणि टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसले होते.

"कसंय, दादा?" त्यानं वडिलांना विचारलं.

"सुईनं घरघर कमी झाली म्हणती डॉक्टरीणबाई. तुला आत बोलावलंय. नीट सांग जे असंल ते."

आत मॅडमनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. "फवारणी?"

"काल केली. दिवेलागणीला. गुलाबाला, मावा पडला होता." महेश म्हणाला. "पण पोरगं घरात होतं, मॅडम. घर दोन वावरं लांब हाय."

"बाटली कुठं असते?"

"पत्र्याच्या पेटीत. कुलूप हाय." त्यानं सदरा वर करून करदोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. "पोरगं झाल्यापासून किल्ली अंगावरून काढली नाही."

"पोराला घेण्याआधी हात धुतले होते?"

"आंघोळ केली. कपडे बाहेरच्या दगडावर. फवारलं की वावराच्या वाटेवर तांबडं फडकं बांधतो, तीन दिवस बायांना तोडीला जाऊ देत नाही. आमच्यात कुणी चुकत नाही त्यात."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "सगळे असं वागले ना, तर माझे निम्मे पलंग रिकामे राहतील. मग हे आलं कुठून?"

महेशनं किल्ली पुन्हा सदऱ्याखाली सारली. तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पाठ म्हणताना माणूस अडखळतो, तसा कालची उजळणी करताना तो एकाच ठिकाणी अडखळत होता. काल संध्याकाळी वारा होता. फवारा उडत होता. पण उडून कुठं जाणार, बांधापर्यंत. बांधाला काय आहे? गवत, आपोआप उगवलेली तुळस, विहीर. तिथं लहान पोर जात नाही. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. छायावहिनी समोरच्या बाकावर कपाळ दाबत बसली होती. तिचं नाम चालू असेल असं समजून त्यानं तिला हाक मारली नाही.

दुपारी एकपर्यंत राजच्या छातीतली घरघर पुष्कळ निवळली. त्यानं एकदा डोळे उघडून विठाबाईला "तू घरी जा" असंही सुनावलं. गोटीरामांनी टोपी डोक्यावर घातली. "शिव्या द्यायला लागलं. आता भ्या नाही."

* * *

रूपालीची आई, भागीबाई, नामपूरहून पोचली तेव्हा तीन वाजत आले होते. मोठे दीर, छायाचे यजमान रंगनाथ, यांनी सकाळी इस्पितळातल्या बूथवरून विषबाधेचा फोन केला होता आणि ते आपल्या दोन्ही पोरींपाशी घरी परतले होते. मग सटाण्याची गाडी, तिथून दुसरी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "कोठे शे मना राज? काय खावाडं पोऱ्याले?"

"माय, हळू बोल. काहीच नाही खाऊ घातलं."

"मंग विष कसं गयं पोटमा? आकाशमाईन?" भागीबाईनं दारातून बाहेर पाहिलं. बाकावर छाया कपाळ धरून बसली होती. "ती अशी काबर बठेल शे? तिले दोन पोरी शेतस, अन् घरमा हाऊ एकच पोऱ्या. तू भोळी शे, रूपाली."

"माय!"

"मी काय म्हनी? मी काहीच नही म्हनी."

रूपालीनं आईला गप्प केलं खरं, पण तिनं छायाची बाजूही घेतली नाही. नंतर तिला हेच सगळ्यात जास्त लागलं. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. छायाताईनं कुणाला कळू न देता तिच्या वाटच्या भाकरी केल्या होत्या. राजला पहिलं पाऊल टाकताना पाहिलं तेही ताईनंच. राज तिला मोठी आई म्हणायचा, आणि रूपालीला कधीमधी ते बोचायचं. आईनं बोचतं तिथंच नेमकं बोट ठेवलं होतं.

राज झोपेत खोकला. साधाच खोकला, चार दिवसांचा. रूपालीला आठवलं, निघताना ताईनं घाईत पिशवीत प्रसादाची स्टीलची डबी टाकली होती. सकाळचा उरलेला प्रसाद. सिस्टरनी तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण हे काही खाणं नव्हतं. ताईनं हजार नामं घेऊन वाहिलेली पानं होती, आणि रूपालीला त्या क्षणी कुणाच्या तरी पुण्याईचा आधार हवा होता. मनात आलेल्या वाईट विचारासाठी माफी मागितल्यासारखं तिनं बोटावर थोडं घेतलं, राजच्या जिभेला लावलं. मग आणखी थोडं. राजनं चाटलं.

अर्ध्या तासानं त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून पुन्हा लाळ सुटली.

* * *

"काहीतरी परत गेलंय आत," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पलंगाभोवतीची सगळी माणसं सरळ उभी राहिली. "मी दिलेली सुई एवढ्यात उतरायला नको होती. सिस्टर, पुन्हा भरा. पोट पुन्हा धुवायचं. आणि तुम्ही सगळे इथंच थांबा. कुणी काय दिलं त्याला?"

रूपालीनं पदर तोंडावर दाबला.

छाया दारातून आत आली होती. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पोटात ढवळत होतं, समोरची माणसं धुरातून दिसावीत तशी दिसत होती. सोमवारचा उपवास बाधला, असं तिनं मनाशी धरलं होतं. ती पलंगाशी वाकली. राजच्या ओठांना मध लागला होता. तुळशीचा वास आला.

तुळशीचा. आणि त्याच्या खाली दुसरा एक वास. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. सकाळी तिच्या नाकाशी उदबत्ती होती, कापूर होता.

"भाऊजी," ती महेशकडे वळली. "काल विहिरीकडच्या बांधाला फवारा गेला का?"

"वारा होता. गेला असंल थोडा. का?"

छायानं पलंगाचा गज धरला. घरातल्या वृंदावनातली आणि शेजारच्या चार घरांतली तुळस पाच आठवड्यांत बोडकी झाली होती. चार दिवसांपासून ती बांधावरची खुडत होती. पहाटे अंधारात विहिरीच्या बाजूनं जायची. तांबडं फडकं रस्त्याच्या बाजूला होतं. आणि तुळस तिनं धुतली नव्हती. तुळस मुळात शुद्ध असते. देवाला वाहिलेलं पान तर देवाचंच झालेलं. ते पुन्हा कोण धुतं?

बोलायचं की नाही, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. एक श्वासभर आला. बोलली तर हे पोर पुन्हा तिच्या मांडीवर कुणी देणार नव्हतं. समोर भागीबाई उभी होती.

"मी दिलं," छाया म्हणाली. "मॅडम, सकाळी मी दिलं. बांधावरच्या तुळशीची पंचवीस पानं, मधात वाटून. प्रसाद म्हणून. मला कळलं नाही. तुम्ही विचारलं तेव्हाबी मला कळलं नाही."

"देखा!" भागीबाई ओरडली. "मी म्हनी होती! पोऱ्यान्या जिवावर उठनी ही बाई!"

"आजी, शांत." मॅडम पलंगाला वळसा घालून छायाजवळ आल्या. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. "डोकं दुखतंय? मळमळ? धूसर दिसतंय?"

"उपवास हाय माझा."

"उपवास नाही हा. बाहुल्या बघा यांच्या. किती पानं खुडली तुम्ही?"

"हजार."

"ह्याच हातांनी? आणि प्रसाद स्वतः घेतला?"

"दोन पानं. नेम हाय ना."

मॅडमनी भागीबाईकडे पाहिलं. "आजी, हिनं त्याला जे दिलं ते स्वतःही घेतलंय. सकाळपासून हिलाही विषबाधा आहे, आणि ही तुमच्या नातवाच्या पायाशी उभी आहे. कुणाच्या जिवावर उठलेलं माणूस असं करत नाही. विठाबाई, यांना न्या. हात कोपरापर्यंत, तीनदा साबणानं. लुगडं बदला. शेजारच्या खोलीत झोपवा, सलाईन लावू."

भागीबाई मागे सरून पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली.

मग रूपाली बोलली. "दुसऱ्यांदा मी दिलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आत्ता. डबी मी उघडली. सिस्टर नको म्हणल्या होत्या. पण ताईंचा प्रसाद... मला वाटलं त्यानंच बरं वाटंल."

"अन् फडकं मी एकाच बाजूला बांधलं," महेश म्हणाला. "विहिरीकडून बायका येत्यात हे मला म्हायती होतं. कंटाळा केला."

"बांधावरची तुळस मीच उपटू दिली नाही कधी," गोटीराम बाकावरून उठत म्हणाले. "देवाची हाय म्हणालो."

मॅडम तोपर्यंत राजच्या छातीवर नळी लावून ऐकत होत्या. "दोष वाटून घ्यायला तुम्हाला आख्खा चातुर्मास पडलाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आत्ता मला जागा द्या. आणि ती डबी द्या. बाई बोलल्या म्हणून बरं झालं. काय गेलं आणि किती, हे कळल्यावर मला अंधारात हात मारावा लागत नाही. तासाभरानं बोलल्या असत्या तर..." त्यांनी नळी पुन्हा छातीवर टेकवली.

* * *

पुढचे तीन तास रूपालीनं घड्याळाकडे पाहिलं नाही. बाहेर पंचवटीकडून आरत्यांच्या घंटा ऐकू यायला लागल्या, तेव्हा संध्याकाळ झाल्याचं तिला कळलं. सिस्टर दर पाच मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, मग पाव तासानं येत होत्या. शेवटी मॅडम आल्या, नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"कोरडी," त्या म्हणाल्या. "छाती कोरडी आहे. बाहुल्या मोठ्या झाल्यात. आता हा लाल होईल, बडबडेल, तोंड कोरडं पडलं म्हणून चिडेल. घाबरू नका. चिडला की आनंद माना. दोन दिवस मी त्याला सोडणार नाही."

गोटीराम पाया पडायला वाकले. मॅडम पटकन मागे सरल्या. "आजोबा, हे करू नका. माझे वडील, चिंतामणशास्त्री, काळारामाजवळ राहतात. आमच्या घरीही लक्ष तुळस होते. त्यांना आज जाऊन सांगणार आहे मी, पानं आधी धुवायची. पहिल्यांदा मुलीचं ऐकतील ते." मग जरा थांबून, "आभार मानायचे तर विठाबाईंचे माना. त्यांची पाळी दोनला संपली. अजून घरी गेल्या नाहीत."

"मी काय केलं?" विठाबाई कोपऱ्यातून म्हणाली. "साबण सरकारी."

शेजारच्या खोलीतून छाया सलाईनची बाटली उतरवल्यावर भिंत धरत आली. अंगावर विठाबाईचं निळ्या काठाचं लुगडं होतं. ती आत आली नाही. दारातच, उंबऱ्याच्या अलीकडं थांबली, परक्या घरी थांबावं तशी. भागीबाई पलंगाशेजारच्या स्टुलावर होती. तिनं छायाकडं पाहिलं, खाली पाहिलं. मग पिशवी उचलून ती उगाच बाहेर निघाली. जाताना छायाजवळ तिचा पाय अडला. "बठ ना वं," ती हळूच म्हणाली. "तूबी आजारीच शे. स्टूल रिकामं शे."

छाया तरीही हलली नाही.

राजनं डोळे उघडले. गाल लालभडक, बाहुल्या मोठ्या काळ्या. त्यानं जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवली आणि भडकला. "पाणी! मला पाणी पाहिजे! तोंडात माती घातली कुणीतरी!"

"पाणी नाही द्यायचं अजून," सिस्टर म्हणाल्या. "कापूस ओला करून नुसते ओठ पुसा."

सिस्टरनी वाटीत स्वच्छ पाणी आणि कापसाचा बोळा रूपालीच्या हातात दिला. रूपालीनं बोळा बुडवला, पिळला. मग ती उठली, दारापर्यंत गेली आणि वाटी छायाच्या पुढे धरली.

"ताई, तुम्ही लावा."

छायाचे हात लुगड्यात गुंडाळलेले होते. "नको, रूपाली. माझ्या हातून नको. तूच लाव."

"तीनदा धुतलेत ना?"

"पाच वेळा."

"मग?" रूपालीनं वाटी मागे घेतली नाही. "त्याला मी लावलेलं चालत नाही, ताई. चावतो. सकाळपासून दोनदा चावला."

पलंगावरून आवाज आला. "मोठी आई! कुठं गेली ती? हिला सांग ना पाणी दे म्हणून!"

छायानं हात बाहेर काढले. साबणानं ते पांढरे पडले होते, बोटांची टोकं सुरकुतली होती. तिनं कापूस घेतला, उंबरा ओलांडला आणि पलंगाच्या कडेला बसली. रूपाली तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहिली. छायानं ओला कापूस राजच्या खालच्या ओठावर टेकवला.

"गार आहे," राज म्हणाला. "अजून लाव."